घरांतील दुखणें आणि शाळा

मुलांसमोर दुःखाची वाच्यता करूं नये, हा आपल्या कुटुंबांतील फार जुना संकेत आहे, आणि त्याच्या मुळाशीं असलेल्या वात्सल्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तथापि आईस किंवा वडिलांस कर्करोग झाला असतां या संकेताची जी अवस्था होते, ती पाहिली म्हणजे वात्सल्य आणि सत्य यांचा झगडा किती बिकट असतो, हें ध्यानांत येतें. घरांत रोगाचें नांव निघत नाहीं. "गांठ आहे", "मुंबईस दाखवावयाचें आहे" एवढेंच बोलणें चालतें, आणि तेंही मूल खोलींत आलें कीं थांबतें. मग एके दिवशीं आईवडील दोघेही परळची वाट धरतात. तेथें १९४१ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेव्हांपासून महाराष्ट्रांतीलच काय, पण बिहार-बंगालकडील रुग्णही तेथें येत आले आहेत. उपचार एका खेपेंत आटपत नाहींत. औषधांचे फेरे पुष्कळदां तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें महिनेच्या महिने चालतात, आणि ज्यांस धर्मशाळेंत जागा मिळत नाहीं ते पदपथावर पथारी टाकतात. हें चित्र वाचकांच्या परिचयाचें आहे. ज्याची आठवण क्वचितच होते तें मूल मात्र इकडे गांवीं आजीजवळ किंवा मावशीकडे राहिलेलें असतें, आणि सकाळ झाली कीं दप्तर घेऊन शाळेंत जातें.

ही शाळा त्या मुलाची कोण लागते, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

शाळेनें शिकवावें, घरच्या गोष्टींत पडूं नये, असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. कुटुंबें हा रोग लपवितात त्यास कारणें असतात. तो स्पर्शानें जडत नाहीं हें ठाऊक असूनही शेजारी पाण्याचा पेला वेगळा ठेवतात. मुलींच्या लग्नाच्या वेळीं आईच्या दुखण्याची चौकशी होते. तेव्हां वर्गशिक्षिकेस विश्वासानें सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलींत चहाबरोबर वांटली जात असेल, तर त्या शाळेस कोणी कांहीं सांगूं नये, हेंच बरें. पण गुपित राखणें निराळें आणि मुलाकडे पाठ फिरविणें निराळें. खरा पेंच पडतो तो तें मूल स्वतःच मधल्या सुटींत मागें रेंगाळून "बाई, माझी आई बरी होईल ना?" असें विचारतें तेव्हां.

घरच्यांनीं जें झांकून ठेवलें आहे तें उघड करण्याचा अधिकार बाईंस नाहीं, याविषयीं दुमत होऊं नये. परंतु "होईल हो, अगदीं ठणठणीत होईल" असें म्हणण्याचा अधिकार तरी त्यांस कोठें आहे? हें उत्तर देणारीचा हेतु चांगला असतो. उत्तर मात्र खोटें असतें, निदान तें खरें असल्याची खात्री कोणासही नसते. शिवाय, मुलानें आईचे गेलेले केस पाहिलेले असतात, फोनवर बोलतांना वडिलांचा पडलेला आवाज ऐकलेला असतो. घरच्या उत्तरांवरील त्याचा विश्वास उडालेला असतो, म्हणूनच तें बाहेरच्या माणसास विचारतें. तेथेंही तीच थाप मिळाली, तर त्यास विचारण्याजोगें कोणी उरत नाहीं. "मला ठाऊक नाहीं, डॉक्टर उपाय करीत आहेत, तुला वाटेल तेव्हां माझ्याकडे ये" हें उत्तर टाळाटाळीचें वाटतें, पण या रोगाच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे, यांतून पुष्कळ बरे होतात, पुष्कळ होत नाहींत. एवढें सांगून बाईंनीं त्याच संध्याकाळीं मावशीच्या घरीं जावें आणि मूल काय विचारीत आहे तें तेथें सांगावें. दार उघडणें घरच्यांच्या हातीं. तें ठोठावणें शाळेच्या हातीं.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. लहान मुलें घडलेल्या अनर्थाचें कारण पुष्कळदां स्वतःमध्यें शोधतात. "मी आईस उलट बोललों, म्हणून ती आजारी पडली" अशी समजूत तीं महिनोन्‌महिने मनांत बाळगतात, आणि मोठ्यांस तिचा पत्ता नसल्यामुळें ती कोणी खोडूनही काढीत नाहीं. त्यांत आमच्याकडे प्रत्येक दुखण्याचा संबंध पापपुण्याशीं जोडण्याची खोड. एखादी आत्या सुस्कारा टाकून "कोणाचें पाप आड आलें कोण जाणे" म्हणते, आणि कोपऱ्यांत गृहपाठ करणारें मूल तें स्वतःस लावून घेतें. कोणाच्याही वागण्यामुळें, रागामुळें वा हट्टामुळें हा रोग होत नाहीं, हें शिक्षकानें स्पष्ट शब्दांत आणि एकदां सांगून न थांबतां सांगितलें पाहिजे.

नियमांकडेही पाहूं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेस बसण्यास ७५ टक्के उपस्थिति लागते. तींत सूट देण्याच्या कारणांत विद्यार्थ्याचें स्वतःचें दीर्घ आजारपण येतें, आई किंवा वडील वारल्याचा प्रसंगही येतो. पण आई आजारी असतांना घर संभाळणारी थोरली मुलगी "तत्सम प्रसंग" या मोघम शब्दांत बसवून घ्यावी लागते. ती बसते कीं नाहीं, हें मुख्याध्यापक अर्जावर काय लिहितात यावर बरेंचसें अवलंबून असतें. आम्हांस वाटतें, भर वर्गांत दाखविलेल्या कळवळ्यापेक्षां असा नीट लिहिलेला एक अर्ज त्या मुलीच्या अधिक उपयोगी पडेल. तशीच दुसरी एक साधी गोष्ट: वर्गांत कांजिण्या किंवा गोवर निघाल्यास त्या घरीं तत्काळ कळवावें. कर्करोगावरील औषधांनीं शरीराची प्रतिकारशक्ति खालावते, आणि मुलाच्या अंगावरून घरीं गेलेल्या कांजिण्या आईच्या जिवावर बेतूं शकतात.

राहतां राहिली दया. तिचें आम्हांस खरोखर भय वाटतें. बातमी फुटली कीं त्या मुलास गृहपाठ माफ होतो, कवाइतींतून वगळलें जातें, बाकीचीं मुलें दबक्या आवाजांत बोलूं लागतात. आणि ज्या एका जागीं तें आजारी आईचें मूल नसून पांचवीच्या वर्गांतलें, गणितांत कच्चें आणि लंगडींत पक्कें असें एक मूल होतें, ती जागाही घरासारखीच होऊन बसते. गृहपाठास दोन दिवस अधिक द्यावे. तो माफ करूं नये.

मराठी शाळांतून "माझी आई" हा निबंध वर्षांतून एकदां तरी घातला जातोच. त्या वर्षीं तो टाळावा काय, असें एखादा दयाळू शिक्षक विचारील. आमच्या मतें विषय दोन द्यावे आणि निवड मुलावर सोडावी. त्यानें "माझी आई"च निवडला आणि पहांटे उठून अंगणांत सडा घालणारी, डबा भरून देणारी, धडधाकट आई चार परिच्छेदांत रंगविली, तर ती वही इतर वह्यांप्रमाणेंच तपासावी, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तांबड्या शाईनें दाखवाव्या, आणि गुण द्यावे ते निबंधाचे.