रिसोडचा मुक्काम आणि नाचणारी भक्ती

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीला पंढरपूरकडे पायी जाते, तेव्हा वाशीम जिल्ह्यातील रिसोड हा तिचा एक मुक्काम असतो. दिवसभर चाललेले वारकरी मुक्कामी पाठ टेकण्याआधी कीर्तनात उभे राहतात; टाळ-मृदंगावर पावली पडते, फुगड्या रंगतात. ही उपासना की विरंगुळा, हा भक्तिविचारातला जुना प्रश्न आहे.

याच परिसरातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची ध्यानस्थ मूर्ती नेमकी उलटी दिशा दाखवते. जैन साधनेतील कायोत्सर्गात देह निश्चल ठेवून त्याच्यावरचे ममत्व सोडायचे असते. वारकऱ्यालाही ममत्व सोडायचेच आहे, पण देह थांबवून नव्हे, राबवून. त्याच्या बाजूला ग्रंथाधार आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातला भक्त नामसंकीर्तनाने द्रवतो, लोकलाज विसरून हसतो, रडतो, नाचतो. एकनाथांनी याच स्कंधावरची टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. कीर्तनात नाचण्याचा ध्यास घेतलेल्या नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव नर्सी तर शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे.

खरी कसोटी लोकलाजेची. तमाशाला प्रेक्षक लागतो. पावलीत बघणाराही हळूहळू ओढला जातो आणि वडीलधारा माणूसही धाकट्याच्या पाया पडतो. तरी आक्षेप पुरता मिटत नाही, कारण आनंदाची चटक हाही मोहच. त्यावर संप्रदायाचे उत्तर नाच आवरण्याचे नसून आचाराचे आहे: गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचे व्रत, मद्य-मांस वर्ज्य आणि वर्षाची वारी.