दंड आणि दंडधर

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूतींची गणना करतात, तेव्हा दमन करणाऱ्यांच्या हातातील दंडालाही ते आपलेच रूप म्हणतात. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, तशी समाजाची स्थिती होईल. तेव्हा अपराध्याला शिक्षा असावी की नसावी, हा येथे प्रश्न नाही. ईश्वराची ही विभूती जो हाती धरतो, त्याचे अंतःकरण कसे असावे आणि ते तसे नसेल तर काय घडते, हा खरा प्रश्न आहे.

फ्रान्स देशातील तुलूझ नगरात घडलेली एक गोष्ट या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे. झाँ कलास नावाचा कापडाचा एक वृद्ध व्यापारी तेथे राहत असे. इ. स. १७६१ च्या १३ ऑक्टोबरच्या रात्री जेवणे आटोपून पाहुणा जावयास निघाला, तेव्हा खालच्या दुकानात कलासचा थोरला मुलगा मृत आढळला. त्याच्या गळ्यावर दोराचा वळ होता. कलास कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि नगर कॅथलिक पंथाचे. १६८५ पासून त्या राज्यात प्रॉटेस्टंट उपासनेस बंदी होती. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारले, अशी आरोळी जमलेल्या गर्दीतून उठली आणि पाहता पाहता ती साऱ्या नगराची खात्री बनली.

वस्तुस्थिती तर निराळेच सांगत होती. कलासचा दुसरा एक मुलगा पूर्वीच कॅथलिक झाला होता आणि बाप त्याच्या निर्वाहासाठी पैसे देत होता. त्या मुलाच्या मतांतरास साहाय्य करणारी कॅथलिक मोलकरीण अजूनही त्याच घरात होती आणि धनी निर्दोष आहेत असे सांगत होती. परंतु लोकांच्या मनात निवाडा आधीच झालेला होता. साक्षीदारांना पुढे येण्याचे जे आवाहन चर्चमधून वाचले गेले, त्याच्या शब्दांतच अपराध गृहीत धरलेला होता. मृत मुलाला हुतात्मा मानून त्याचा अंत्यविधी मोठ्या थाटाने करण्यात आला.

कलासच्या हातून एक चूक मात्र घडली. मुलाचा खून कोणा परक्याने केला असावा, असे कुटुंबाने प्रथम सांगितले. त्याने गळफास लावून घेतल्याचे मागाहून कबूल केले. या असत्याचे मूळ कोठे होते? आत्मघात करणाऱ्याच्या प्रेतावर खटला चालवून ते रस्त्यातून फरफटत नेण्याची शिक्षा त्या काळी होती. पुत्राच्या देहाची ती विटंबना टाळावी म्हणून पिता खोटे बोलला आणि तेच खोटे त्याच्या गळ्याशी आले. जो दंड प्रेतालाही सोडत नाही, तो जिवंत माणसाच्या जिभेवरचे सत्य भयाने मागे लोटतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

१७६२ च्या मार्चमध्ये तेरा न्यायाधीशांपैकी आठांनी मृत्युदंडाचे मत दिले. १० मार्च रोजी साथीदारांची नावे काढून घेण्यासाठी त्या वृद्धाचा प्रथम छळ झाला आणि मग चाकाच्या शिक्षेने त्याची हाडे मोडण्यात आली. शेवटपर्यंत त्याने अपराध कबूल केला नाही. न्यायाधीशांना क्षमा कर, अशी प्रार्थना त्याने देवाजवळ केल्याचे व्हॉल्टेअर या विख्यात ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे.

हे न्यायाधीश लाच घेणारे होते किंवा जाणूनबुजून पाप करीत होते, असे समजण्याचे कारण नाही. आपण धर्माचे रक्षण करीत आहोत, अशीच त्यांची समजूत असावी. याच ठिकाणी गीतेचा अठरावा अध्याय आपल्याला जागे करतो. तमोगुणाने झाकलेली बुद्धी अधर्मालाच धर्म समजते, असे भगवान तेथे सांगतात. दुष्टाला आपल्या दुष्टपणाची केव्हातरी टोचणी लागते. धर्माच्या नावाने संतापलेल्या माणसाला ती लागत नाही, कारण आपला क्रोध त्याला पुण्यासारखा वाटतो. क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश, ही दुसऱ्या अध्यायातील परंपरा केवळ एका माणसाची नसते. साऱ्या नगराचीही ती होऊ शकते.

व्हॉल्टेअरने हा अन्याय वेशीवर टांगला. पॅरिसमध्ये फेरविचार होऊन १७६५ च्या ९ मार्च रोजी कलास निर्दोष ठरला आणि राजाने कुटुंबास ३६,००० लिव्र दिले. १७६४ मध्ये इटलीतील बेकारिया याने छळाविरुद्ध व मृत्युदंडाविरुद्ध ग्रंथ लिहिला. पुढे फ्रान्सनेही १७८० आणि १७८८ मध्ये न्यायालयीन छळाचे दोन्ही प्रकार बंद केले. हे सारे इष्टच झाले. परंतु कलासच्या विधवेला तिचा पती परत मिळाला नाही. जे परत देता येत नाही, ते घेताना अल्पज्ञ मनुष्याने किती थरथरले पाहिजे!

येथे कोणी म्हणेल, भगवंतांनी अर्जुनाला शस्त्र टाकू दिले नाही, मग आपण दंड का टाकावा? शंका रास्त आहे. परंतु युद्धाची आज्ञा देताना, आशा व ममत्व सोडून आणि मनाचा ज्वर घालवून लढ, असेही भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. तोच नियम दंडाला लागू आहे. दंड अवश्य असावा, पण दंडधराला ताप चढलेला नसावा.

आपण गृहस्थ न्यायासनावर बसत नाही खरे. परंतु घरातील एखादी वस्तू दिसेनाशी झाली की आपली नजर प्रथम गड्याकडेच वळते ना? मुलाला धाक घालून आपण कबुली मिळवितो आणि तिलाच सत्य समजतो. भयाने खोटे बोललेल्या मुलाला त्या खोट्याबद्दल पुन्हा शिक्षा करतो. त्याला खोटे बोलावयास लावणारे भय आपणच निर्माण केले, हे मात्र विसरतो. त्या क्षणी आपल्या ओसरीवर तुलूझचे ते न्यायालयच भरलेले असते.

म्हणून शिक्षेसाठी हात उचलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मला ठाऊक आहे, की नुसते वाटते आहे? माझा राग उतरल्यावरही ही शिक्षा मला योग्य वाटेल काय? आणि मी चुकलो असेन, तर हे मला परत घेता येईल काय? अपराध्याची परीक्षा नंतर होईल. दंड हाती घेणाऱ्याची परीक्षा आधी होते. त्या परीक्षेस जो उतरतो, त्याच्याच हातात दंड ही भगवंताची विभूती राहते.