आधी मोठा तारा, मग अरुंधती

आपल्यापैकी बहुतेक विवाहित मंडळींनी अरुंधती पाहिलेली आहे. निदान गुरुजींना "हो, दिसली" असं सांगितलेलं तरी आहे! सप्तपदीनंतर ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची पद्धत आहे. पण हॉलला छप्पर असतं, बाहेर दुपार असते, आणि लग्न मार्गशीर्षातलं असलं तर महाराष्ट्रात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखालीच असतात. तरीही गुरुजी बोट वर करतात, नवरा-नवरी मान डोलावतात, आणि फोटोग्राफर "गुरुजी, एकदा परत" म्हणतो.

मला कुतूहल आहे ते या "हो, दिसली"चं. हे खोटं बोलणं झालं का? आणि झालं असेल तर किती?

त्याआधी अरुंधतीची थोडी ओळख करून घेऊ. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ, इंग्रजीत मिझार. त्याला अगदी खेटून जो अंधुक ठिपका दिसतो ती अरुंधती, म्हणजे अल्कोर. ही चौथ्या प्रतीची तारका आहे. वसिष्ठ तिच्यापेक्षा पाच-सहापट तेजस्वी दिसतो. दोघांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाहून थोडंसं जास्त भरतं. ती आपल्यापासून सुमारे ८२ प्रकाशवर्षं दूर आहे. आज रात्री दिसेल तो प्रकाश आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी निघालेला आहे. अंधुक दिसते ती या अंतरामुळे. एरवी ती सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाची, सुमारे ८,००० अंश केल्व्हिन तापमानाची, सूर्याच्या चौदापट प्रकाश टाकणारी तारका आहे. आणि ती एकटी नाही. २००९ साली पालोमार वेधशाळेतल्या दुर्बिणीतून तिच्याजवळ एक लहानसा लाल तारा सापडला. वसिष्ठाकडे तर चार तारे आहेत. १६१७ मध्ये गॅलिलिओच्या काळातच दुर्बिणीतून त्याचे दोन तारे दिसले होते. पुढे वर्णपटावरून त्या दोघांतला प्रत्येकही जोडतारा निघाला. म्हणजे हे चांगलं सहा जणांचं एकत्र कुटुंब आहे!

आता मूळ प्रश्न. एवढीशी तारका नवख्याला दाखवायची कशी? आपल्या पूर्वजांनी याची युक्ती काढली आणि तिला नावही दिलं: स्थूलारुंधती न्याय. आधी शेजारच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून "ही बघ अरुंधती" म्हणायचं. नजर तिथे स्थिरावली की सांगायचं, "ही नव्हे, हिच्या शेजारची." पहिलं वाक्य सरळसरळ खोटं आहे, पण त्याच्याशिवाय खरं दिसत नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हा दाखला घेतला आहे, आणि त्यातली मेख मला फार आवडते. त्यांचा युक्तिवाद साधारण असा: श्रुतीने एखादी गोष्ट नुसती पायरी म्हणून सांगितली असती, तर पुढे "आता ती सोड" असंही सांगितलं असतं. तसं सांगितलेलं नाही, म्हणून ती पायरी नव्हे. याचा अर्थ, पायरीवरच्या खोट्याला एक अट आहे. ते खोटं सोडायला सांगण्याची जबाबदारी बोट दाखवणाऱ्यावरच असते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज घडतं. क्लायंटला पहिल्या मीटिंगमध्ये तीन चौकोन आणि दोन बाण काढून सगळी सिस्टिम समजावतो. प्रत्यक्षात तिथे तीनशे चौकोन असतात. यात फसवणूक नाही, कारण पुढच्या मीटिंगमध्ये "आता हे चित्र विसरा" असं आम्हीच सांगतो. कुणी ते न सांगता त्याच तीन चौकोनांवर बजेट मंजूर करून घेतलं, तर मात्र ती फसवणूक आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या मराठी शाळेतलं एका मुलाचं भाषण. फोनवर फिरणारा एक मजकूर त्याने छान पाठ केला होता. इतर जोडताऱ्यांमध्ये एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. फक्त वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात. हे ऋषींना ठाऊक होतं, म्हणून नवदांपत्याला ही जोडी दाखवतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी येताना माझी नववीतली मुलगी गाडीत म्हणाली, "बाबा, पण सगळ्याच जोडताऱ्यांत दोघंही फिरतात ना?"

तिचं बरोबर होतं. कुठल्याही जोडताऱ्यात दोन्ही तारे त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. जड तारा थोडा कमी हलतो, इतकंच. उलट वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यामधलं अंतर प्रकाशवर्षाच्या हिशोबात मोजावं लागतं. ते एकमेकांभोवती फिरत असतील, तर एका फेरीला निदान काही लाख वर्षं लागतील. असं फिरणं नुसत्या डोळ्यांनी कुणालाही दिसणं शक्य नाही.

मी हे एका मित्राजवळ बोललो, तर तो म्हणाला, "अरे, परक्या देशात मुलं कौतुकाने आपलं काहीतरी शिकताहेत. कशाला विरजण घालतोस?" त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. चार वर्षांच्या नातीला आजी अरुंधतीची गोष्ट सांगते तेव्हा गुरुत्वमध्य काढणारा माणूस मलाही नको आहे. ती पहिली पायरी आहे आणि ती सुंदर आहे. पण नववीतल्या मुलाला आपण तिथेच उभं ठेवतो, कारण दुसरी पायरी आपल्यालाच नको असते. त्या भाषणातलं खोटं मुलाच्या सोयीसाठी नव्हतं, आपल्या अभिमानाच्या सोयीसाठी होतं. ही मुलं उद्या कॉलेजात खगोलशास्त्राचा एखादा कोर्स घेतील. तिथे ते खोटं गळून पडेल, आणि त्याच्याबरोबर अरुंधतीही. शिवाय आई-बाबांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही प्रश्नचिन्ह लागेल, ते वेगळंच.

खरं तर खोट्याची गरजच नाही. दुर्बीण नसताना आपल्या माणसांनी ही अंधुक तारका वेगळी ओळखली, तिला नाव दिलं आणि संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दोघांना ती दाखवावीशी वाटली, एवढं पुरेसं आहे. शास्त्राचंच हवं असेल तर तेही आहे. हे तारे सुमारे ४० ते ५० कोटी वर्षांपूर्वी एकाच कुळात जन्मले आणि आजही एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने चालले आहेत. ऋषींना हे ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, आणि लग्नात सांगायला ते काही वाईट नाही.

इथे अमेरिकेच्या उत्तर भागात तर सप्तर्षींतली ही जोडी वर्षभर मावळतच नाही. येत्या उन्हाळ्यात कॅम्पिंगला गेलात, की शहराच्या दिव्यांपासून दूर मुलांना जरूर दाखवा. आधी वसिष्ठाकडे बोट करा. मग "तो नव्हे, त्याच्या शेजारची" हे सांगायला मात्र विसरू नका.