घुमटाविना मशीद

दुसऱ्याच्या ईमानाबद्दल मत देण्याआधी माणसाने त्याच्या घरी किती दिवस राहावे? हा प्रश्न मला चीनमधल्या शीआन शहरात पडला, तोही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला, २००६ साली, मला काही प्रश्नच पडला नव्हता. सगळी उत्तरे माझ्यापाशी तयार होती.

शीआन म्हणजे तांग राजांची जुनी राजधानी चांगआन. रेशमाच्या व्यापाराचा खुष्कीचा मार्ग इथून सुरू होई. १९७४ साली विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली मातीच्या सैनिकांची फौज शहराबाहेर आहे, आणि बहुतेक प्रवासी तीच बघायला येतात. आमची सहलही तिच्यासाठीच आली होती. मी मात्र हट्टाने तासभर काढून नगाऱ्याच्या मनोऱ्यामागच्या मुस्लिम मोहल्ल्यात गेलो. तिथल्या मोठ्या मशिदीची परंपरा इ. स. ७४२ पर्यंत नेली जाते. आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या, १३९२ नंतरच्या. घुमट नाही. टोकाशी वळलेली कौलारू छपरे, एकामागून एक चौक, लाकडी कमानी, दगडी शिलालेख. मिनाराच्या जागी अष्टकोनी माडी.

त्या रात्री मी वहीत लिहिले, ‘मशीद कसली, देऊळच. इथले मुसलमान नावाचेच असावेत.’ परत आल्यावर गावी चार लोकांत हे रंगवून सांगितले. लोक हसले. मीही हसलो.

वास्तविक हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. मी लहान असताना आमच्याकडे लग्नाला एक विद्वान पाहुणे बाहेरगावाहून आले होते. माझी आई लुगडे नेसून जात्यावर मराठी ओव्या म्हणत होती. ओवीत पैगंबरसाहेबांचे नाव होते, पण पाहुण्यांना मराठी येत नव्हते. ते वडिलांना म्हणाले, “तुमच्याकडे इस्लाम अजून पोचायचाय.” वडील काही बोलले नाहीत. आईने दळण तसेच ठेवले आणि आत निघून गेली. त्या पाहुण्यांना मी आयुष्यभर माफ केले नाही. आणि शीआनला जाऊन मी तेच पाहुणे झालो! हे कळायला मला तेरा वर्षे लागली.

२०१९ च्या ऑक्टोबरात मुलगा शांघायला नोकरीला होता. शनिवार-रविवार गाठून आम्ही जलद रेल्वेने सहा-एक तासांत शीआनला गेलो. शनिवारी असरच्या वेळी मशिदीत शिरलो. यावेळी घाई नव्हती, म्हणून नीट पाहिले. चीनमधली देवळे-राजवाडे बहुधा दक्षिणेला तोंड करून असतात. ही मशीद पूर्वेकडून पश्चिमेकडे लांबत गेलेली आहे, कारण त्यांचाही किब्ला आपल्यासारखाच पश्चिमेला. छप्पर चिनी, पण सारी वास्तू काबागृहाकडे वळलेली. २००६ साली मी छपरे मोजली, दिशा पाहिली नाही. आणि त्या माडीच्या चिनी नावाचा अर्थ मुलाने सांगितला : मनाची झडती घेण्याची माडी.

नमाजच्या दालनात बिगरमुस्लिम प्रवाशांना प्रवेश नाही. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्याने मला दारात क्षणभर न्याहाळले, सलाम केला आणि वजूची जागा हाताने दाखवली. आत भिंतींच्या लाकडी फळ्यांवर कुराणाच्या आयती कोरलेल्या, अरबीबरोबर चिनीतही. हे हुई मुसलमान, मातृभाषा चिनी. यांच्यात लिऊ झी नावाचा विद्वान सतराव्या-अठराव्या शतकात होऊन गेला. त्याने इस्लामचे आचार आणि पैगंबरसाहेबांचे चरित्र चिनी भाषेत, कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या शब्दांत मांडले. ज्यांच्याकडे शेख महंमद श्रीगोंदेकरांचा ‘योगसंग्राम’ आहे, त्या आपल्याला याचे नवल वाटायला नको होते.

पण इथे एक चोरवाट आहे. नमाज आपल्यासारखीच निघाली, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात ‘पास’ केले. म्हणजे परीक्षकाची खुर्ची मी सोडलीच नव्हती. शहराच्या दक्षिणेला सन ६५२ चा हंस पॅगोडा आहे, युआन श्वांगच्या ग्रंथांसाठी बांधलेला. हा भिक्षू सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला आणि आपले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, असे लिहून गेला. हे आपण अजून अभिमानाने सांगतो. तो इथे किती दिवस होता, हे कोणी विचारत नाही; मत आपल्या बाजूचे होते ना!

याहून अवघड गोष्ट पुढची. ‘बघा, चिनी छपराखालीही इस्लाम नांदतो’ हे माझे आवडते वाक्य झाले होते. पण २०१८ साली निंगशिआ प्रांतात वेईझोऊ इथल्या नव्या मशिदीचे घुमट काढण्याचा हुकूम निघाला, तेव्हा तिथले हुई लोक मशिदीच्या आवारात ठाण मांडून बसले. पुढे ते घुमट गेलेच. २०२४ पर्यंत युन्नानमधल्या शादिअनच्या मोठ्या मशिदीचाही घुमट उतरवून वर चिनी छप्पर आले. सरकारी कार्यक्रमाचे नाव ‘इस्लामचे चिनीकरण’. शीआनच्या पूर्वजांनी वळलेले छप्पर स्वतः निवडले. शादिअनवर ते लादले गेले. फोटोत दोन्ही सारखीच दिसतील. माझे आवडते वाक्य हुकूम काढणारा अधिकारीही बिनदिक्कत वापरू शकेल. आईची ओवी तिची होती, म्हणून ती मला प्यारी. तीच ओवी कोणी ‘म्हणून दाखवा, म्हणजे तुम्ही इथले’ असे दरडावून म्हणायला लावली असती, तर?

रविवारी निघण्याआधी मोहल्ल्यातल्या एका खाणावळीत बसलो. इथे कोरडी रोटी आणि रिकामा वाडगा आधी पुढ्यात ठेवतात. रोटी आपण हाताने कुस्करायची, मग ते त्यावर मटणाचा रस्सा शिजवून आणतात. भाकरी कुस्करणे आपल्याला काय शिकवायचे, म्हणून मी भराभर कुस्करली. वाढणाऱ्या बाईने वाडग्यात डोकावून पाहिले, मान हलवली आणि तो माझ्याकडेच परत सरकवला. मग करंगळीचे नख दाखवले : एवढे बारीक.