ऐकणाऱ्याकडे काय लागतं

मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आहे, जिथे हजारो लोक संगणकप्रणाली लिहितात. पश्चिमेला ताम्हिणी घाटापर्यंत पावसाची गावं आहेत, जिथे 'वेळ'ची 'येळ' होते आणि 'पाणी'चं 'पानी'. बोलून काम सांगण्याची फोनमधली सोय आता मराठीतही आहे, पण असं बोलणं ऐकताना ती पुष्कळदा चुकते. मग दुरुस्तीचा ठरलेला सल्ला मिळतो: गोंगाटापासून दूर जा, सेटिंगमध्ये भाषा मराठीच आहे ना पाहा, माइक पुसा, आणि स्पष्ट, शुद्ध बोला. पहिले तीन उपाय रास्त आहेत. पत्र्यावर पाऊस वाजत असला तर माणसालाही ऐकू येत नाही. चौथा सल्ला मात्र दोष जिभेवर टाकतो, आणि तिथे तंत्राचा प्रश्न नीतीचा होतो. शब्द पोचला नाही तर जबाबदारी कुणाची? माझ्या मते ती मुख्यतः ऐकणाऱ्याची.

यंत्र ध्वनी ओळखतं, आणि शिकताना पुरवलेल्या बोलण्यात कशापाठोपाठ काय आलं होतं त्यावरून सर्वांत संभाव्य शब्द निवडतं. शिकवणीच्या साठ्यात ज्यांचं बोलणं थोडं, त्यांचं बोलणं त्याला असंभाव्य वाटतं. 'येळ' चुकीची नसते, तिची नोंद कमी असते. 'भाषापरिच्छेद' या न्यायदर्शनाच्या ग्रंथात शाब्दबोधाला, म्हणजे शब्दांवरून अर्थ कळायला, चार गोष्टी लागतात असं मानलं आहे: आसत्ती, योग्यता, आकांक्षा आणि तात्पर्यज्ञान. शब्दांची जवळीक, अर्थाचा मेळ, एका शब्दाला असलेली दुसऱ्याची गरज, या पहिल्या तिन्हींचा अंदाज आकडेमोडीने बांधता येतो. चौथी गोष्ट बोलणाऱ्याच्या मनात असते. जेवताना कुणी सैंधव मागितलं तर मीठ आणायचं, घोडा नव्हे, हे शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण. तिथे उच्चार निर्दोष आहे, तरीही ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या हेतूपर्यंत चालत जावं लागतं. प्रसंगावरून हेतू ताडायला यंत्रही शिकेल, पण तेही बहुतेकांच्या हेतूंवरूनच. ज्याचं म्हणणं वेगळं आहे त्याच्यापाशी नेमका हाच अंदाज फसतो.

मुळशीने हे एकदा भोगलं आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध 1921 साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढे त्याचे नेते झाले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा याहून स्पष्ट शब्दांत देता आली नसती. पण सरकारच्या कानी त्यातून मोबदल्याचा प्रश्न तेवढा पोचला, कारण जमीन घेताना लोक भाव वाढवून मागतात हा त्याचा नेहमीचा अनुभव. काही जमीनमालक आणि सावकार मोबदल्याला तयार होते, त्यामुळे तो समज पक्का झाला. धरण झालं, मुंबईला वीज गेली, सुमारे 50 गावांची जमीन पाण्याखाली गेली. तिथे उच्चाराचा काहीच दोष नव्हता.

यावर परंपरेतूनच आक्षेप येईल. पतंजलीच्या महाभाष्यात इंद्रशत्रूची कथा सुचवली आहे: स्वर चुकला, अर्थ उलटला आणि यज्ञ करणाऱ्याचाच घात झाला. मग बोलणाऱ्यानेच सांभाळून बोलायला नको का? मंत्रापुरतं हे मान्य करावंच लागतं, कारण मंत्राचे शब्द बोलणाऱ्याचे नसतात. त्याने ते जसेच्या तसे पोचवायचे असतात. पण त्याच महाभाष्यात यर्वाण-तर्वाण नावाचे ऋषी आहेत. रोजच्या बोलण्यातल्या अपभ्रष्ट उच्चारावरूनच त्यांना हे नाव पडलं, आणि तरी पतंजली त्यांना ज्ञानी म्हणतो, कारण यज्ञकर्मात ते तसं बोलत नसत. शेतावरून फोनला सांगितलेलं काम हा यज्ञ नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: प्रत्येक बोली शिकवायला खर्च येतो, आणि नीट कळलं नाही म्हणून यंत्र पदोपदी परत विचारू लागलं तर माणूस कंटाळेल. खर्चाचं उत्तर सोपं आहे: जबाबदारी ऐकणाऱ्याची, तर खर्चही त्याचाच. मुळशीच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं, बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांना मेहनताना देऊन, साठ्यात घालायला हवीत. विचारण्याबद्दल म्हणायचं तर, आपण निवडलेल्या शब्दाची खात्री किती, याचा हिशेब ही यंत्रं आतल्या आत ठेवू शकतात. गाणं लावताना चूक झाली तर बिघडत नाही, तिथे विचारू नये. पैसे पाठवायचे असतील, औषधाचं नाव असेल, तक्रार नोंदवायची असेल आणि खात्री कमी असेल, तर यंत्राने थांबून विचारलंच पाहिजे, आणि तेही बोलणाऱ्याला उच्चार सुधारायला न सांगता.