साड्यांखालची फाईल

आईच्या कपाटात साड्यांखाली एक निळी फाईल आहे. माझी. पाहुणे येणार असले की ती आणखी खाली जाते.

गेल्या वर्षी गुडघा दुखावला म्हणून दिंडोशी डेपोजवळ हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. आई सोबत होती. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "काही नाही." मीही गप्प बसलो.

मी लिथियम घेतो. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन लिहून दिलं. पाचव्या दिवशी चहाचा कप हातात धरवेना. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं. आयबुप्रोफेनमुळे तो निचरा मंदावतो आणि ते रक्तात साचतं. त्यात लिथियमच्या उपयोगी आणि विषारी पातळीत अंतर थोडंच. रक्त तपासलं, पेनकिलर बंद केली, निभावलं.

आईला दोष देववत नाही. चाळीत वाढलेल्या बाईला माहीत असतं, एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत येत नाही. पण तिने माझी अब्रू राखली की मला धोक्यात टाकलं? दोन्ही.

माझ्या सायकिअ‍ॅट्रिस्ट मॅडम अजून वहीतच लिहितात. म्हटलं, "कॉम्प्युटरवर नोंद असती तर त्या डॉक्टरांना कळलं असतं." त्या म्हणाल्या, "फिनलंडचं वाचलंयस का?"

घरी येऊन वाचलं. वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी. हजारो पेशंटच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये त्यांना थेट ईमेल आले: पैसे द्या, नाहीतर थेरपिस्टला सांगितलेलं सगळं नेटवर टाकू. रात्रभर झोप नाही. मीही त्या खोलीत बरंच काही बोललोय.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा डिजिटल माहितीलाही गोपनीयतेचा हक्क देतो, आणि स्वतःच्या मूलभूत नोंदी मिळवण्याचाही. (कायद्याने चोरी थांबते असं नाही. सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर असून माझ्या बाईकचा आरसा दोनदा गेलाय.)

मग लक्षात आलं, मॅडम आणि मी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होतो. हाडांच्या डॉक्टरांना माझ्या गोळीचं नाव आणि डोस हवा. मी बाबांबद्दल काय बोललो ते नको. वहीत मात्र दोन्ही एकाच पानावर आहे, म्हणून दोन्ही लपतं. आणि वही तरी कुठे सुरक्षित? २६ जुलैच्या पुरात मुंबईत किती कागद वाहून गेले असतील.

पुढच्या भेटीत मॅडमना म्हटलं, "फक्त औषधांची यादी टाईप करा. बाकी वहीतच राहू दे." त्यांनी जरा विचार केला, मग केली. औषध, डोस, रक्ततपासणीची तारीख, टाळायच्या पेनकिलर. पुढे 'आभा' खात्यात टाकायची की नाही, ते मी ठरवणार; तिथे दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला माझी संमती लागते.

आईला मोबाईलवर यादी दाखवली. चष्मा लावून तिने दोनदा वाचली.

"यात आजाराचं नाव नाही ना?"

"नाही. पण औषधावरून डॉक्टरला कळेलच."

"डॉक्टरला कळू दे," ती म्हणाली. "पण मोबाईलला लॉक लाव आधी."