भावंडांचा सत्संग

बंगळुरूच्या दक्षिणेस १९७८ साली वसू लागलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आज दूरदूरची कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. चुलत-मावस भावंडे गावी राहिली आणि एकुलते एक मूल बंद दाराआड वाढू लागले. त्यास अन्नवस्त्राची वाण नाही. वाण आहे ती सोबत्यांची.

श्रेष्ठ जसे आचरण करतो तसेच इतर जन करतात, असे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. बालकाच्या लेखी हा श्रेष्ठ म्हणजे बहुधा त्याचे वडील भावंडच होय. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि तेच त्यांचे गुरू. त्यांच्याच कृपेने शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. उलट, ताटी लावून रुसून बसलेल्या ज्ञानदेवांस धाकट्या मुक्ताईने समजाविले, अशी परंपरा आहे. मातापित्यांचे छत्र हरपलेल्या त्या चौघांनी एकमेकांस घडविले.

ज्या बालकास भावंड नाही त्यास श्रीकृष्णास सुदामा लाभला तसा सखा लाभू द्यावा. शेजारचे कन्नड वा तमिळ मूलही त्याचे भावंड होऊ शकते. त्यासाठी गृहस्थाने प्रथम आपल्याच घराचे दार उघडावे.